तीन चाकांची बाबागाडी: भिलाईच्या रस्त्यांवर कितपत उपयुक्त?

लहान मुलांना बाहेर नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बाबागाडीचा तीनचाकी प्रकार आता भारतातील मध्यम आकाराच्या शहरांतही दिसू लागला आहे. पुढे एक मोठे चाक, मागे दोन आणि हवा भरलेले टायर असे तिचे स्वरूप असते. छत्तीसगडमधील भिलाईसारख्या पोलादनगरीत, जेथे सकाळ-संध्याकाळ फेरफटका मारण्याजोगे रुंद रस्ते आहेत, तेथे ही गाडी घ्यावी का, असा प्रश्न अनेक तरुण पालकांपुढे असतो. ही गाडी चारचाकी गाडीपेक्षा महाग, जड आणि मोठी असते. त्यामुळे ती निवडताना केवळ रूप पाहून निर्णय घेणे श्रेयस्कर नाही.

मराठी घरांना तीन चाकांचे वाहन नवीन नाही. उभे राहू लागलेल्या मुलाच्या हाती दिला जाणारा लाकडी पांगुळगाडा तीनच चाकांचा असतो. मात्र पांगुळगाडा मूल स्वतः ढकलते, तर बाबागाडीत ते बसलेले असते आणि ढकलणारा दुसराच असतो. हा फरक सांगण्याचे कारण असे, की बाजारात ‘तीन चाकांची गाडी’ मागितल्यास बहुधा मागे दांडा लावलेली ट्रायसायकल पुढे केली जाते. ट्रायसायकल ही बाबागाडी नव्हे. तिच्यात मुलाला पाठ टेकून झोपता येत नाही आणि आधाराविना नीट बसू न शकणाऱ्या बाळासाठी ती उपयोगाची नाही.

धावणाऱ्यांसाठी निघालेली गाडी

युरोपात बाबागाडीचा इतिहास अठराव्या शतकापर्यंत मागे जातो. घडी करता येणारी हलकी गाडी मात्र बरीच अलीकडची आहे. ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले ब्रिटिश अभियंते ओवेन मॅक्लारेन यांनी १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी ॲल्युमिनियमची गाडी तयार केली. बाजारात आज दिसणाऱ्या बहुतेक हलक्या चारचाकी गाड्या याच कल्पनेतून आल्या आहेत.

तीनचाकी गाडीचा उगम वेगळा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे वृत्तपत्रात काम करणारे आणि धावण्याची आवड असलेले फिल बेश्लर यांनी आपल्या मुलाला सोबत घेऊन धावता यावे म्हणून एका साध्या गाडीला सायकलची चाके बसवली. त्यातूनच १९८४ मध्ये ‘बेबी जॉगर’ ही गाडी विक्रीस आली. म्हणजे ही रचना मुळात पळण्यासाठी आहे. बाजारात भाजी घेण्यासाठी किंवा रेल्वेच्या डब्यात चढवण्यासाठी नाही. आज विकल्या जाणाऱ्या अनेक तीनचाकी गाड्या दिसायला धावण्याच्या गाडीसारख्या असल्या, तरी त्या धावण्यास योग्य नसतात. त्यांच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले असते. पण पुस्तिका वाचतो कोण!

मोठ्या चाकाचा लाभ

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला त्या वेळी दुर्ग जिल्हा आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. कारखान्याबरोबर उभ्या राहिलेल्या वसाहतीत सेक्टरांची आखणी, झाडांच्या रांगा आणि सेंट्रल अव्हेन्यूसारखे रुंद रस्ते आहेत. १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून सुरू झालेल्या मैत्री बागेत मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांची संख्याही मोठी असते.

या भागात डांबरी रस्ता चांगला असला, तरी त्याच्या कडेला मुरूम, खडी, झाडांची मुळे आणि गतिरोधक असतातच. लहान चाकांची गाडी येथेच अडते. त्यामागील गणित सोपे आहे. तीन सेंटिमीटर उंचीचा दगड आडवा आल्यास १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला त्यावर चढवण्यासाठी चाकावरील भाराच्या सुमारे १.३ पट आडवा जोर लागतो. चाकाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर हाच जोर भाराच्या पाऊण पटीवर येतो. लहान चाकाला जवळपास पावणेदोन पट अधिक रेटा द्यावा लागतो आणि त्याचा हिसका बाळाच्या मानेला बसतो.

तीन चाकांचा आणखी एक गुण आहे. तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली मात्र कागदाची घडी ठेवावी लागते. तसेच तीनही चाके ओबडधोबड जमिनीलाही टेकून राहतात. पुढे एकच चाक असल्याने गाडी एका हाताने वळवणेही सुलभ जाते.

उलटण्याचा धोका

हाच गुण दुसऱ्या बाजूने दोष ठरतो. ऑटोरिक्षा वेगाने वळण घेताना का कलंडते, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. चारचाकी गाडीचा पाया चौकोनी असतो, तीनचाकीचा त्रिकोणी. पुढे जावे तसा हा त्रिकोण निमुळता होत जातो.

उदाहरणार्थ, मागच्या दोन चाकांत ६० सेंटिमीटर आणि मागच्या आसापासून पुढच्या चाकापर्यंत ८० सेंटिमीटर अंतर आहे, असे समजू. बाळासह गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर तो ज्या रेषेवरून गाडी कलंडू शकते त्या रेषेपासून तीनचाकीत जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर दूर असतो. तेवढ्याच रुंदीच्या चारचाकीत हे अंतर ३० सेंटिमीटर भरते. गुरुत्वमध्य मागच्या आसापासून २० सेंटिमीटरवर आणला, तर तीनचाकीतील अंतर २१ सेंटिमीटरपर्यंत वाढते. म्हणून चांगल्या तीनचाकी गाडीत मागची चाके एकमेकांपासून बरीच दूर असतात आणि आसन मागे व खाली असते. अरुंद, उंच आणि पुढे झुकलेली तीनचाकी दिसायला आकर्षक असली, तरी घेऊ नये.

याचा अर्थ आसन जितके मागे तितके चांगले, असाही नाही. हँडलला भाजीची जड पिशवी अडकवली, की गाडी मागच्या बाजूला उलटण्याचा संभव असतो. विशेषतः मुलाला उचलून घेताच पुढचा भार नाहीसा होतो आणि गाडी आडवी होते. सामानासाठी आसनाखालची जाळी वापरावी.

पुढच्या चाकाकडे लक्ष

तीनचाकीचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे तिचे पुढचे चाक. गाडी मोटारीत ठेवता यावी म्हणून अनेक गाड्यांत हे चाक एका खटक्याने निघते. सायकलीच्या चाकासारखीच ही व्यवस्था असते. हा खटका नीट आवळला नसेल, तर चालत्या गाडीचे चाक निखळू शकते आणि चार चाकांपैकी एक निखळणे व तीनपैकी पुढचे एकमेव निखळणे यांत फार अंतर आहे.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटॅक्स कंपनीच्या ‘बॉब’ या तीनचाकी गाड्यांबाबत याच कारणावरून तक्रार दाखल केली होती. पुढचे चाक निखळल्याच्या सुमारे २०० घटना ग्राहकांनी कळवल्या असून त्यांत किमान ५० मुले जखमी झाल्याचे आयोगाने म्हटले होते. गाडीत दोष असल्याचे कंपनीने मान्य केले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली आणि कंपनीने ग्राहकांसाठी माहिती मोहीम राबवण्याचे व सुटे भाग देण्याचे मान्य केले. दोष रचनेचा की वापरणाऱ्याचा, हा वाद बाजूला ठेवला, तरी घरातून निघताना पुढचे चाक उचलून, हलवून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

हे चाक बहुतेक गाड्यांत गोल फिरते आणि ते सरळ रेषेत कुलूपबंदही करता येते. बाजारात फिरताना ते मोकळे ठेवावे. खडबडीत जमिनीवर किंवा वेगाने चालताना ते बंद करणे आवश्यक आहे, अन्यथा ते थरथरते आणि गाडी अचानक वळते.

सांध्यांचा धोका सर्वच गाड्यांना लागू आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीने अमेरिकेत विकलेल्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी दुरुस्तीची व्यवस्था जाहीर केली होती. घडी उघडताना बिजागरीत बोट सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना तोवर नोंदल्या गेल्या होत्या. गाडी उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या अंतरावर नसावे.

हवा, काटे आणि पंप

हवेचे टायर धक्के शोषून घेतात. पण बाभळीच्या काट्यापुढे त्यांचे काही चालत नाही. फेसाचे भरीव टायर पंक्चर होत नाहीत, मात्र ते काहीसे कडक असतात. भिलाईत पंक्चर काढणारा जवळपास सर्वत्र मिळतो. अडचण वेगळीच येते. आपल्याकडील साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह आणि परदेशी बनावटीच्या बाबागाडीचा व्हॉल्व्ह सारखे नसतात. बाबागाडीला बहुधा मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो. तेव्हा मोटारसायकलच्या दुकानात हवा भरता येते. पण कॉम्प्रेसरचा जोर छोट्या ट्यूबला सोसवत नाही. टायरच्या कडेवर छापलेला दाब दुकानदाराला आधीच दाखवावा, किंवा घरी हातपंप ठेवावा.

उन्हाळ्याचा प्रश्न

छत्तीसगडच्या मैदानी भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. अशा वेळी ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. ती घातक आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोरडे मलमल टाकलेल्या गाडीतील तापमान बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून अधिक वाढल्याचे आढळले. जाड कापडाने ते आणखी वाढले. उलट ओले मलमल आणि छोटा पंखा वापरल्यास ते बाहेरच्यापेक्षा जवळपास पाच अंशांनी उतरले.

ज्यांच्या घरी वाळ्याच्या ताट्या आणि कूलर आहेत त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही; तत्त्व तेच आहे. मात्र कूलरप्रमाणेच हा उपाय कोरड्या हवेतच चालतो. पाऊस सुरू झाल्यावर दमट हवेत ओल्या कापडाचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय कापड वाळू न देता पुन्हा भिजवावे लागते आणि ते बाळाच्या नाकातोंडाशी येणार नाही, हे पाहावे लागते. भर दुपारी बाळाला बाहेर न नेणे हा यावरचा खरा उपाय. गाडी निवडताना मात्र मोठे छत, त्यात जाळीची खिडकी आणि पाठीमागे हवा खेळेल असे कापड आहे का, हे तपासावे. हिवाळ्यात चांगल्या वाटणाऱ्या मऊ गादीच्या गाड्या येथील नऊ महिने त्रासदायक ठरतात.

हवेच्या प्रदूषणाचाही विचार करावा लागतो. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, बाबागाडीतील मूल जमिनीच्या जवळ, वाहनांच्या धुराच्या पातळीवर असल्याने त्याला पालकांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषित हवा मिळू शकते. तीनचाकीचे आसन स्थिरतेसाठी खाली ठेवलेले असते, म्हणजे येथे एक गरज दुसरीच्या आड येते. त्यामुळे जी. ई. रोडच्या कडेने गाडी नेण्यापेक्षा सेक्टरांमधील आतले रस्ते बरे.

कोणासाठी योग्य?

रेल्वेमार्गाच्या दक्षिणेकडील वसाहतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आणि रोज दूरवर चालणाऱ्या कुटुंबाला तीनचाकी गाडी उपयुक्त ठरेल. सुपेला, कॅम्प किंवा खुर्सीपारच्या दाट वस्तीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी ती टाळावी. दहा-बारा किलो वजनाची गाडी आणि बाळ एकाच वेळी जिन्यावरून नेणे एकट्या आईला शक्य होत नाही. दुर्गहून नागपूरला रेल्वेने वरचेवर जाणाऱ्यांनाही छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडीच सोयीची. घराच्या दाराची, उद्वाहनाची आणि मोटारीच्या डिकीची मापे कागदावर लिहून मगच दुकानात जावे.

बाळाचे वय हाही निर्णायक मुद्दा आहे. मान सावरेपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिन्यांपर्यंत, आसन जवळजवळ सपाट होणारी गाडीच वापरावी. गाडी ढकलत धावण्यासाठी बाळ किमान सहा महिन्यांचे असावे आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतलेला असावा. दोन खांदे, कंबरेच्या दोन्ही बाजू आणि पायांमधून येणारा असा पाच ठिकाणी बांधणारा पट्टा हवा. धावणाऱ्यांच्या गाडीला हातातला ब्रेक आणि मनगटाला अडकवायचा पट्टाही असावा. गाडीवर ‘ईएन १८८८’ या युरोपीय मानकाचा उल्लेख असल्यास स्थिरता, ब्रेक आणि सांधे यांची चाचणी त्या मानकानुसार झाली असल्याचा निर्मात्याचा दावा आहे, असे समजावे.

दुकानात रिकामी गाडी सर्वांनाच हलकी वाटते. आसनात दहा किलो तांदळाची पिशवी पट्ट्याने बांधून गाडी वळवून, पायरीवर चढवून आणि उतारावर ब्रेक लावून पाहावी. दुकानदार नाराज झाला तरी हरकत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी याखेरीज पुढच्या चाकाचा खटका, घडीचे कुलूप आणि पट्ट्याची शिवण पाहावी. टायर व ट्यूब बदलता येतात; वाकलेली चौकट सरळ करून घेऊ नये.