घरी बनवलेल्या आडव्या सायकलला हबमधला गिअर कोणता घ्यावा?

वरकुटे (ता. इंदापूर) : पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची आडवी सायकल, म्हणजे रिकम्बंट, मोबाईलवर पाहिली की हात असलेल्या माणसाला वाटतंच, जुने पाईप जोडून आपणही करावी. प्रकार नवा नाही. १९३३ साली फ्रान्सिस फोर या फ्रेंच गड्यानं असल्याच सायकलवर तासात ४५ किलोमीटर कापून विक्रम केला. पुढच्याच वर्षी सायकलच्या जागतिक संघटनेनं शर्यतीतून ती बादच केली!

सांगाडा वेल्डिंगवाला करून देतो. घोडं अडतं ते गिअरवर. साध्या सायकलवर चढ आला की आपण उभं राहून अंगाचा भार पायडलवर टाकतो. आडवीवर उभं राहता येत नाही, सगळा जोर गुडघ्यातून जातो. हलका गिअर नसेल तर गुडघे धरलेच समजा.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षा सुधारली, तेव्हाही मुद्दा हाच होता. जुन्या रिक्षाला गिअर नाही आणि ब्रेक धड नाहीत, हे त्यांनी २००२ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं होतं.

बाहेरचा, चेन सरकवणारा गिअर स्वस्त पडतो. पण २० इंची चाकाला तो जमिनीलगत लोंबतो. आपल्याकडं कॅनॉलच्या कडेचा चिखल आणि रस्त्यावर सांडलेलं पाचट, त्यात तो कितीसा टिकणार? हबचा गिअर चाकाच्या मध्यात बंद डब्यात असतो. शिवाय उभ्या सायकलवरही बदलता येतो. जनावर आडवं आलं आणि जड गिअरमध्येच थांबलात, तरी हलक्यावर आणून निघता येतं.

आता हिशोब. २० इंची चाक एका फेऱ्यात साधारण दीड मीटर जातं. पुढे ४४ दाते, मागे २२, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात ३ मीटर. शिमानोच्या तीन गिअरच्या नेक्सस हबला पहिला गिअर याच्या पाऊणपट आणि तिसरा सव्वापटीहून थोडा जास्त, म्हणजे २.२ ते ४.१ मीटर. आपली काळी २८ इंची सायकल ४४ आणि १८ दात्यांवर ५.४ मीटर जाते, त्यावरून अंदाज घ्या. मिनिटाला ६० फेरे मारले तर पहिल्या गिअरला ताशी ८ किलोमीटर पडतात. दोन चाकांच्या आडवीला याहून फार हळू नेलं तर ती डुलते, म्हणून सपाट रस्त्याला माझ्या मते तीन गिअर पुरेत.

तीन चाकी करून मागे दुधाचे कॅन ठेवणार असाल तर आठ गिअर बघा. नेक्ससच्या आठ गिअरवर याच दात्यांनी १.६ ते ४.८ मीटर मिळतात. स्टर्मी-आर्चरच्या आठ गिअरची गोष्ट उलटी आहे. त्याचा पहिला गिअरच सरळ, बाकीचे सगळे वर चढत जाणारे. मोठ्या चाकाला तो फार जड पडतो, लहान चाकाला मात्र फिट्ट. पुढे ३२, मागे २५ लावले तर १.९ पासून सहा मीटरच्या आसपास जातो. मात्र पुढचे दाते मनानं कमी करू नका. त्यानं हबच्या आतल्या दात्यांवर ताण वाढतो. कंपनीनं प्रमाण दिलेलं असतं, बऱ्याच हबला ते साधारण दुप्पट असतं.

पैसे देण्याआधी रिंगची भोकं मोजा. काळ्या सायकलच्या मागच्या रिंगला बहुधा ४० भोकं असतात, गिअरचे हब जास्त करून ३६ चे येतात. चिमट्याची रुंदीही आधी मोजा. आठ गिअरचा हब १३० मिलिमीटरच्या पुढं जातो. म्हणजे हब हातात आल्यावरच मागचा चिमटा जोडायला घ्यावा.

पायडल उलटं मारून ब्रेक लागतो तो हब आडवीला घेऊ नका. तिची चेन दोन-अडीच चेन जोडून केलेली असते. तिचा झोल स्प्रिंगच्या पुलीवर ओढून धरला असेल, तर उलट्या जोराला पुली दबते आणि ब्रेक लागत नाही.

एक बारीक वस्तू विसरली जाते, ती म्हणजे एक्सल फिरू न देणारा वायसर. गिअरमध्ये जोर आला की एक्सल उलटा फिरू बघतो. वायसर नसला तर नट ढिला होतो, केबल ताणते आणि चालत्या सायकलचा गिअर सुटतो. दोन्ही बाजूचे वायसर हबसोबतच मागून घ्या आणि पहिल्या आठवड्यात नट रोज तपासा.