बॅरल स्मोकर : तयार घ्यावा की गावात करून घ्यावा?

कृषी पर्यटन केंद्रं वाढली तशी शहरातल्या पाहुण्यांची फर्माईशही वाढली. हुरडा, पिठलं-भाकरी तर हवीच. पण 'बार्बेक्यू आहे का?' असं विचारणारेही आता भेटतात. मग तयार बॅरल स्मोकर घ्यावा का, हा प्रश्न पडतो. बॅरल स्मोकर म्हणजे मंद आचेवर, धुरात मांस शिजवायचं पत्र्याचं पिंप. पैसे मोजण्याआधी खालच्या गोष्टी नीट तपासा.

हे पिंप चालतं कसं?

पद्धत अमेरिकेतली. तळाशी जाळीच्या टोपलीत कोळसा, त्यावर सुक्या लाकडाचे दोन-तीन तुकडे. वरच्या सळईला आकड्याने मांस टांगायचं किंवा जाळीवर ठेवायचं. तळाजवळच्या भोकांतून हवा आत येते, झाकणातून धूर बाहेर जातो. हवा जास्त तर आच जास्त. भोकं झाकली की आच उतरते. पिंपातली उष्णता ११० ते १३५ अंश सेल्सिअस राखायची, एवढंच यातलं कसब. कोंबडीला साधारण दोन तास लागतात, बोकडाच्या मांडीला त्याहून बरेच जास्त.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. तिकडे या पिंपात प्रामुख्याने चरबीदार मांस शिजवतात. आपल्याकडे बोकडाचं मांस कमी चरबीचं आणि कोंबडी बहुधा कातडी काढलेली. ती धुरात कोरडी पडते. तेव्हा कोवळी कोंबडी कातडीसकट घ्या, दही-तेलात मुरवा. जुनी गावरान कोंबडी यात चिवटच राहील. तिचा रस्साच चांगला.

आधी दिवस मोजा

समजा, तयार पिंप २० हजारांना पडलं आणि ५ वर्षं टिकलं. म्हणजे वर्षाला ४ हजार. नुसत्या हुरड्याच्या हंगामात शनिवार-रविवार धरून २० दिवस पेटवलं, तर दिवसाला २०० रुपये. एका वेळी १० किलो मांस शिजवलं तर किलोमागे २० रुपये नुसते पिंपाचे. तेच वर्षात ८० दिवस वापरलं तर किलोमागे ५ रुपये. कोळसा, मसाला, मजुरी वेगळी. तुम्हाला मिळालेला भाव घालून हाच हिशेब वहीत मांडा. गेल्या वर्षीची पाहुण्यांची नोंद काढा, अंदाजाने बोलू नका. दिवस कमी भरत असतील तर कर्ज काढून पिंप घेऊ नका.

तयार घेताना काय पाहाल?

१) पत्रा जाड हवा. पातळ पत्रा जळतो, गंजतो आणि आचही धरत नाही.
२) आतल्या जाळीला, सळईला जस्ताचा मुलामा नको. तापल्यावर त्याचा धूर अपायकारक असतो. स्टेनलेस स्टील उत्तम.
३) आतून रंग नको. बाहेरचा रंग उष्णता सोसणारा हवा.
४) झाकण घट्ट बसतं का ते पाहा. विक्रेत्याला समोर पेटवून दाखवायला सांगा. सगळी भोकं बंद केल्यावर आग हळूहळू विझली पाहिजे. विझत नसेल तर हवा गळते आहे, आच तुमच्या हातात राहणार नाही.
५) राख काढायची सोय हवी.

गावातल्या वेल्डरकडून करून घेताना

२०० लिटरच्या लोखंडी पिंपाचा स्मोकर गावातही होतो आणि स्वस्त पडतो. पण पिंप कशाचं होतं, हा पहिला प्रश्न. कीटकनाशक, रसायन, रंग किंवा थिनरचं पिंप कितीही धुतलं तरी चालणार नाही. पोटात विष जायचं! शिवाय ज्वलनशील पदार्थाचं बंद पिंप गॅसकटरने कापताना स्फोट होऊन जीव जाऊ शकतो. नवं, आतून मुलामा नसलेलं पिंप घ्या किंवा खाद्यतेलाचं. आतून मुलामा असेल तर उघड्यावर मोठा जाळ करून तो जाळा आणि पत्रा उघडा पडेपर्यंत घासा. मग आतून खाण्याचं तेल लावून एकदा रिकामंच तापवा.

लाकूड आणि आच

आंबा, पेरू, बाभूळ यांचं वाळलेलं लाकूड चालतं. ओलं लाकूड दाट पांढरा धूर सोडतं, मांस कडवट होतं. धूर पातळ, निळसर हवा. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, फवारणी झालेल्या बागेची छाटणी वापरू नका. कण्हेर तर मुळीच नको, ती विषारी आहे. पेटवायला रॉकेल, डिझेल ओतू नका.

कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत शिजली पाहिजे. झाकणावरचं घड्याळ पिंपातली हवा मोजतं, मांस नव्हे. तेव्हा मांसात खुपसायचा तापमापक वेगळा घ्या. पाहुणे आजारी पडले तर केंद्राचं नाव जाईल. बंद शेडमध्ये पिंप पेटवू नका, कोळशाच्या वायूने माणूस गुदमरतो. कडब्याची गंज दूर हवी, पाण्याची बादली जवळ हवी.

कागदपत्रं

पैसे घेऊन जेवण देत असाल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना लागतो. २०२० च्या राज्य धोरणानुसार कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांनी केंद्रचालकांना हे समजावून सांगावं, आणि रसायनांची रिकामी पिंपं घरगुती वापरासाठी विकली जात असतील तर तिकडेही लक्ष द्यावं.

आणि एक लक्षात ठेवा. रायगडची पोपटी मडक्यात, भांबुर्ड्याच्या पाल्यात होते. हुरडा आगटीतल्या गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात. पाहुणा मुळात त्यासाठीच येतो. पहिला हंगाम गावात करून घेतलेल्या पिंपावर काढा, किती जण मागतात ते लिहून ठेवा. मागणी टिकली तर पुढच्या दिवाळीनंतर तयार पिंप खुशाल घ्या.