केळीच्या बागेत किती खोडे दिसतात?

भुसावळहून रावेरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसले, की केळीच्या बागांतल्या वाटा क्षणात उघडतात आणि क्षणात मिटतात. या उघडझापीमागे आपण शाळेत शिकवतो तो मसावि दडलेला आहे.

दीड मीटर अंतराने चौरस पद्धतीने लावलेली एक बाग घेऊ. तिच्या कोपऱ्याबाहेर, एक ओळ मागे व एक ओळ डावीकडे, आपण उभे आहोत. खोडे बिंदूइतकी बारीक मानू. प्रत्यक्षात जाडीमुळे याहून कमीच दिसतील. उजवीकडे २ आणि पुढे ३ ओळींवरचे खोड आपल्याला दिसते. ४ आणि ६ ओळींवरचे मात्र त्याच्या बरोबर मागे दडते, कारण ४/६ म्हणजेच २/३. थोडक्यात, दोन्ही संख्यांचा मसावि १ असेल तरच खोड दिसते.

आता मोजू. १×१ बागेत १ खोड दिसते, २×२ मध्ये ४ पैकी ३, ३×३ मध्ये ९ पैकी ७. पुढची क्रमिका अशी: ११, १९, २३, ३५, ४३, ५५, ६३. पाचव्या पायरीला ८ ची भर पडते, सहाव्या पायरीला फक्त ४ ची. असे का? दर पायरीला एक आडवी व एक उभी ओळ वाढते. ६ हून लहान आणि ६ शी सहमूळ अशा संख्या दोनच, १ व ५. म्हणून दोन्ही ओळींत मिळून ४. पाचाशी मात्र १, २, ३, ४ या चारही सहमूळ आहेत, म्हणून ८.

वाढ अशी लहरी, तरी प्रमाण स्थिरावते. १०×१० बागेत १०० पैकी ६३ खोडे दिसतात, १००×१०० बागेत १०,००० पैकी ६,०८७. दोन्ही संख्या सम असलेली खोडे एक-चतुर्थांश. ती वगळून ३/४ उरतात. तीनसाठी ८/९, पाचसाठी २४/२५, असा सर्व मूळ संख्यांचा गुणाकार ६ भागिले 'पाय'चा वर्ग, म्हणजे सुमारे ०.६०७९ येतो. १ + १/४ + १/९ + ... ही बेरीज ऑयलरने १७३५ मध्ये काढली; हे उत्तर तिचा व्यस्त आहे. चौरस बागेत वर्तुळाचा स्थिरांक अवतरतो तो असा!

"मसावि कशाला शिकायचा?" असे वर्गात कोणी विचारले, तर चौकटीचा कागद आणि पट्टी हाती द्यावी. अकराव्या पायरीला किती खोडांची भर पडेल, हे मोजण्याआधी सांगायला लावावे. उत्तर २० आले, तर मुलाला मसावि खरोखर दिसला.