ट्रॉलीचे हेलकावे : कारणें व उपाय

कार्तिक महिना सरला म्हणजे आमच्या नागापुरावरून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. पुढें बैल जोडलेली टायरगाडी, तिच्या मागून ट्रॅक्टर व त्याच्या पाठीशीं एकीस एक अडकविलेल्या दोन ट्रॉल्या, असा हा ताफा रात्रंदिवस कारखान्याची वाट चालत असतो. प्रवरानगर येथें १९५०-५१ च्या हंगामांत सहकारी कारखान्याचें गाळप सुरू झालें, तेव्हांपासून आमच्या जिल्ह्याचें सुखदुःख बव्हंशीं उसाशीं बांधलें गेलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे वडील ऊस पिकवितात, कित्येकांचे तो तोडतात व कित्येकांचे तो वाहून नेतात. तेव्हां ह्या विषयावर चार शब्द लिहिणें हें शाळेच्या मासिकास परकें आहे, असें कोणी म्हणणार नाहीं.

हा लेख लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. गेल्या हंगामांत एके दिवशीं सायंकाळीं आम्ही विळद घाटाचा उतार उतरत होतों. पुढें उसानें शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता, आणि मागल्या ट्रॉलीस लगटून आमच्याच शाळेचे दोन विद्यार्थी सायकलीवरून ऊस उपटण्याच्या खटपटींत होते. आम्हीं त्यांस हांक मारून थांबविलें. उतार वाढतांच मागली ट्रॉली झोकांड्या खाऊं लागली. प्रथम हातभर, मग दोन हात, मग अर्धा रस्ता व्यापील इतकी. चालकानें घाबरून जोराचा ब्रेक दाबला, आणि दुसऱ्याच क्षणीं ती ट्रॉली रस्त्याच्या कडेस आडवी झाली. सुदैवानें कोणाच्या जिवास अपाय झाला नाहीं. परंतु ते दोघे क्षणापूर्वीं ज्या जागीं होते तेथें कित्येक टन उसाचा ढीग पडला होता. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. तो चालक कांहीं बेफिकीर मनुष्य नव्हता. गाडी अशी कां डुलते हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें, इतकेंच.

आतां ह्याचें कारण पाहूं. आमच्या आजोबांच्या पिढीस तें अर्धेअधिक ठाऊक होतें. बैलगाडींत माल भरतांना जाणता गाडीवान वारंवार दांडी उचलून पाहत असे. वजन मागें अधिक झालें तर गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जातें व बैलांचे गळे आवळतात. वजन पुढें फार झालें तर जूं मानेवर दाबतें व बैल लवकर थकतात. म्हणून आंसाच्या किंचित् पुढें वजन राहील व जुंवावर बेताचा दाब पडेल अशा रीतीनें तो माल रची. बैल तासास चार-पांच किलोमीटर चालत, म्हणून त्याची चूक फार तर बैलांस भोंवे. यंत्राच्या वेगानें जाणाऱ्या गाडीस तीच चूक प्राणघातक होते.

बाणाकडे पाहा. त्याचें जड टोक पुढें व हलकीं पिसें मागें असतात. बाण वाकडा होऊं लागला कीं पिसांवर वारा अडतो व त्याचें शेपूट पुन्हा रेषेंत येतें. तोच बाण उलटा फेंकला तर हवेंत गिरकी खातो. ओढल्या जाणाऱ्या दोन चाकी गाडींत तिचीं चाकें हीं पिसांच्या जागीं असतात. गाडी बाजूस सरकूं लागली कीं चाकें रस्त्यास धरून त्या सरकण्यास विरोध करतात. वजनाचा मध्य चाकांच्या पुढें असेल तर हा विरोध गाडीस सरळ करतो. तो मध्य चाकांच्या मागें गेला तर मागलें ओझें आपल्याच जोरानें बाहेर झुकतें आणि ट्रॅक्टराची पाठही आपल्याबरोबर ढकलतें.

दुसरें कारण वेग होय. झोक्यावर बसलेल्या मुलास प्रत्येक खेपेस योग्य वेळीं लहानसा धक्का दिला तरी झोका वाढत जातो. धक्का थांबविला तर तो हळूहळू विसावतो. ट्रॉलीचा हेलकावा ह्याच जातीचा आहे. गाडी सावकाश चालत असतां चाकांच्या घर्षणांत हेलकाव्याचा जोर जिरून जातो. वेग वाढेल तसतसें हें जिरणें कमी होतें, आणि एक मर्यादा ओलांडल्यावर गाडीची गतीच हेलकाव्यास धक्का देऊं लागते. मग खड्डा, वाऱ्याची झुळूक अथवा शेजारून गेलेल्या बसचा झोत एवढें निमित्त पुरतें. शिवाय गतीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें वरच्या वर्गांतील मुलें शिकलींच आहेत. तासास २० किलोमीटरांऐवजीं ३० किलोमीटर वेग झाला तर वेग दीडपट, पण आवरावयाची शक्ति सव्वादोनपट होते.

तिसरें कारण वजनाची मांडणी. एकाच वजनाच्या दोन गाड्या घ्या. एकींत जड वस्तु आंसाजवळ ठेवा व दुसरींत त्याच वस्तु दोन्ही टोकांस ठेवा. दोहोंचा तोल सारखाच असेल. परंतु दुसरी एकदां फिरूं लागली कीं आवरणें कठीण. हातांत लांब काठी मधोमध धरून फिरवा, मग तिच्या दोन्ही टोकांस एकेक वीट बांधून फिरवा, म्हणजे आमचें म्हणणें पटेल.

परदेशीं हा विषय फार चर्चिला गेला आहे. अमेरिकेंत पिकअप मोटारीच्या मागें राहण्याजोगी खोलीवजा गाडी जोडून सबंध कुटुंबें प्रवासास निघतात. तेथील रूढ नियम असा कीं, अशा गाडीच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या टोकावर पडावा. म्हणजे १००० किलो वजनाच्या गाडीचा भार जोडावर १०० ते १५० किलो हवा. कमी पडला तर हेलकावे येतात. फार पडला तर ओढणाऱ्या मोटारीचीं पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणूची पकड जाते. हें दाखविण्यासाठीं फिरत्या पट्ट्यावर खेळण्यांतली मोटार व तिच्या मागें लहानशी गाडी ठेवून प्रयोग करतात. वजन पुढें असतां गाडीस बोटानें ढकललें तर ती दोनचार झोके खाऊन स्थिर होते. तेंच वजन मागें सरकवून बोट लावलें कीं झोके वाढतच जातात व शेवटीं सारें उलटतें. तेथें हेलकावा दाबणाऱ्या घर्षणपट्ट्या जोडास लावतात, आणि अलीकडच्या कित्येक मोटारींत हेलकावा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी विजेची योजनाही असते. परंतु चुकीच्या भरणीवर हे उपाय म्हणजे वरवरचा लेप होय.

आमच्याकडील अडचण आणखी निराळी आहे. ट्रॅक्टराचें स्वतःचें वजन दोन टनांच्या आसपास, आणि त्याच्या मागें दोन ट्रॉल्यांतून पंधरा टनांहून अधिक ऊस. पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात. चार चाकी ट्रॉलीचा भार तिच्याच चाकांवर राहतो, जोडावर जवळजवळ कांहींच पडत नाहीं. त्यांत दुसरी ट्रॉली पहिलीच्या शेपटास बांधलेली. म्हणून चाबकाची मूठ थोडी हालली तरी टोक जसें सपकन् फिरतें, तसा पुढचा लहान हेलकावा मागें मोठा होऊन पोहोंचतो.

तेव्हां निघण्यापूर्वीं काय करावें तें सांगतों. ऊस मागल्या टोकास उंच रचूं नये. जड मोळ्या तळाशीं व आंसांजवळ असाव्यात आणि डाव्याउजव्या अंगांस भार समान असावा. चार चाकी ट्रॉलींत मागल्या आंसावर पुढच्याहून अधिक ओझें नको. दोन ट्रॉल्यांपैकीं अधिक भरलेली पुढें जोडावी, हलकी मागें. दोन्ही बाजूंच्या चाकांत हवा सारखी व पुरेशी असावी. जोडाची पिन झिजलेली नसावी, तिला खालून खिळी असावी, व पिन निसटलीच तर गाडी धरून ठेवील अशी साखळी वेगळी असावी. पिनेच्या जागीं पहार अथवा सळई खुपसून निघणें हें मरणास आमंत्रण होय. ट्रॅक्टरास डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक निरनिराळे असतात. शेतांत वळतांना त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर येतांच ते दोन्ही पायदांडे कडीनें एकत्र जोडावे, नाहींतर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन् फिरतो.

घाट उतरतांना चढाच्या माथ्यावरच खालचा गिअर घालावा व इंजिनाच्या अटकावानें उतरावें. तेल वांचविण्यासाठीं गिअर काढून गाडी मोकळी सोडणें ही बचत नव्हे.

इतकें करूनही हेलकावा आलाच तर? येथें माणसाची पहिली बुद्धि नेमकी उलट सांगते. घाबरून ट्रॅक्टराचा ब्रेक एकदम दाबूं नये. तसें केल्यास पुढचा ट्रॅक्टर थांबूं पाहतो, मागचें ओझें थांबत नाहीं. तें तिरकस ढकलतें व दोन्ही गाड्या अडकित्त्यासारख्या मिटतात. ट्रॉली डावीकडे गेली म्हणून सुकाणू उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, असेंही करूं नये. प्रत्येक वळण उशिरा पोहोंचतें व झोक्यास नवा धक्का देतें. वेग वाढवून गाडी सरळ होईल ही समजूतही खोटी आहे. सुकाणू घट्ट व सरळ धरावें, वेगाचा दांडा हलकेच सोडावा आणि गाडीस आपोआप मंदावूं द्यावें. ट्रॉलीस स्वतंत्र ब्रेक असेल तर तेवढाच हळू लावावा. कारण मागून ताणलेली दोरी जशी सरळ होते, तशी मागून रोखलेली गाडी सरळ होते. मग बाजूस थांबून कारण शोधावें. झोका थांबला म्हणजे दोष गेला असें नव्हे.

पालकांस आमची नम्र विनंति आहे. एक खेप वांचविण्यासाठीं दोन खेपांचा ऊस एका खेपेंत कोंबूं नका. ट्रॉलीच्या मागें तांबडे परावर्तक लावा. अंधारांत उभी असलेली ट्रॉली चालत्या ट्रॉलीइतकीच घातक असते. चालकाच्या कानाशीं गाणीं इतक्या मोठ्यानें वाजूं देऊं नका कीं मागचा खडखडाट व लोकांची हांक त्यास ऐकूंच येऊं नये. आणि मुलांस जोडाच्या दांड्यावर किंवा उसाच्या ढिगावर बसवूं नका.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं एकच शब्द. चालत्या ट्रॉलीचा ऊस गोड लागतो, हें आम्हांसही ठाऊक आहे. आम्हीही एके काळीं मुलेंच होतों. परंतु आतां तुम्हांस ट्रॉली कां डुलते तें कळलें आहे, आणि ज्यास कळलें त्यास न कळल्याची सबब उरत नाहीं. ऊस हवा असेल तर शेताच्या बांधावर उभें राहून मागा. आमचा शेतकरी एका कांड्यास नाहीं म्हणणारा नाहीं.

त्या सायंकाळच्या दोघांपैकीं एकाचे वडील स्वतः ऊस वाहतात. दुसऱ्या आठवड्यांत ते आम्हांस भेटले. मुलानें घरीं सांगितलेलें ऐकून त्यांनीं ट्रॉलीची झिजलेली पिन बदलली होती व नवी साखळी घातली होती. ती दाखविण्यासाठीं त्यांनीं आम्हांस रस्त्यावर नेलें. आम्हीं ती साखळी हातानें ओढून पाहिली. ती पक्की होती.