आशेचा बाजार आणि गरिबाचे घर

गेल्या महिन्यात वस्तीतील एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. जयभीम करून खुर्चीच्या कडेवर बसले आणि पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. एक राहत्या घराचे गहाणखत, सही बाकी असलेले. दुसरे एका खासगी दवाखान्याचे रंगीत पत्रक. त्यांच्या नऊ वर्षांच्या नातवाला ड्युशेन हा स्नायूंचा आजार आहे. निरोगी मायटोकॉन्ड्रिया टाकून पेशींना नवी शक्ती देतो, असे पत्रकात छापलेले. "वकीलसाहेब, गहाणखत तेवढं तपासून द्या. बाकीचं डॉक्टर बघतील," ते म्हणाले.

आम्ही गहाणखत बाजूला ठेवले आणि आधी पत्रक वाचले.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातील तंतुकणिका. अन्न आणि प्राणवायू वापरून पेशीला लागणारी ऊर्जा त्या तयार करतात. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, त्यात ३७ जनुके असतात आणि तो आपल्याला आईकडून मिळतो. तंतुकणिका निकामी झाल्या की हृदय, मेंदू, स्नायू हे जास्त ऊर्जा खाणारे अवयव आधी थकतात.

मग निरोगी तंतुकणिका बाहेरून देता येतील काय? हा प्रश्न थोतांड नाही. अमेरिकेत बोस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. जेम्स मॅककली आणि डॉ. सीताराम इमानी यांच्या गटाने तो हाती घेतला. रक्तपुरवठा तुटल्याने हृदय दुबळे झालेली बालके एक्मो यंत्रावर होती. हे यंत्र हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेर करते. त्या बालकांच्याच पोटाच्या स्नायूचा लहान तुकडा घेऊन, त्यातील तंतुकणिका वेगळ्या करून हृदयात टोचल्या. २०१७ साली पाच बालकांचा अहवाल आला. २०२१ च्या अहवालात उपचार मिळालेल्या १० पैकी ८ बालके यंत्रावरून सुटली. न मिळालेल्या १४ पैकी ४ सुटली. इस्रायलमध्ये तंतुकणिकांच्या डीएनएचा मोठा तुकडा गळालेल्या सहा मुलांच्या रक्ताच्या मूळ पेशींत आईच्या तंतुकणिका मिसळल्या. तो अहवाल २०२२ चा.

हे काम मोलाचे आहे. पण मुले मोजकी आहेत, आणि बोस्टनची तुलना चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली नव्हती. टोचलेल्या तंतुकणिका पेशीत नेमके काय करतात, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. पुरावा तपासून निष्कर्ष काढणे हेच विज्ञान. निष्कर्ष आधी छापून पैसे मागणे हा धंदा.

आता नातवाकडे येऊ. ड्युशेनमधील दोष पेशीच्या केंद्रकातील डिस्ट्रोफिन या जनुकात असतो. तंतुकणिका तिथे थकतात हे खरे, पण त्या बदलल्याने मूळ दोष जात नाही. बोस्टनच्या बालकांचे हृदय रक्ताअभावी दुबळे झाले होते; या मुलाचा आजार जन्मतः जनुकातला आहे. पत्रकाने दोन्ही एका ओळीत बसवले.

कायदा काय म्हणतो? सिद्ध न झालेला उपचार माणसावर करायचा तर तो प्रयोग ठरतो. त्याला नैतिकता समितीची आणि नियमांप्रमाणे औषध महानियंत्रकांची मंजुरी लागते, राष्ट्रीय नोंदवहीत नोंद लागते. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही. २०१९ च्या नियमांनुसार प्रयोगात इजा झाल्यास भरपाई द्यावी लागते. पत्रकावर ना मंजुरीचा उल्लेख, ना नोंदणी क्रमांक. होता तो फक्त आकडा, रुपयांचा.

संमतीच्या बाबतीत तर आपला समाज पोळलेला आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस दिली गेली. अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. २०१३ साली संसदीय समितीने यावर ताशेरे ओढले. लस वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न सहीचा आहे. गरिबाकडे पैसा नसेल तर तो प्रयोगाचे साधन, आणि घर असेल तर गिऱ्हाईक. दोन्हीकडे त्याला विचारले जात नाही.

आम्ही त्यांना सांगितले, "बाबा, घर गहाण टाकू नका." दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली आले, त्यात ड्युशेनचा समावेश आहे. मुंबईचे केईएम हे त्यासाठी नेमलेले केंद्र आहे, आणि २०२२ पासून या धोरणात प्रति रुग्ण पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मदत मिळेलच असे नाही. पण अर्ज करणे हा हक्क आहे. स्टेरॉइड आणि व्यायामोपचार यांनी मुलाचे चालणे काही वर्षे टिकवता येते, तेही सरकारी रुग्णालयात.

म्हातारे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बरा होणार नाही ना?" याचे उत्तर आमच्या कायद्याच्या पुस्तकात नव्हते. अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहिला.

वाचकांना विनंती एवढीच. असे पत्रक हाती आले तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: मंजुरी, नोंदणी क्रमांक, भरपाईची हमी. आणि पैसे मागितले, तर उठून या.