टर्मिनलमध्ये ‘कॉपी-पेस्ट’ का फसते?

एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणे ही संगणक वापरणाऱ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली क्रिया आहे, की ती करताना आपण काही विशेष करीत आहोत असे कुणालाच वाटत नाही. पत्र लिहिताना किंवा ई-मेल पाठवताना ती बिनबोभाट पार पडते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकलिखित करून संगणकाकडून काम करून घेण्याच्या त्या काळ्या खिडकीत मात्र तीच क्रिया अचानक रुसून बसते. कधी मजकूर उमटतच नाही, कधी चालू असलेले काम मध्येच बंद पडते, तर कधी न मागितलेले काम होऊन जाते.

ही अडचण केवळ मोठ्या शहरांतील सॉफ्टवेअर कंपन्यांपुरती राहिलेली नाही. कोल्हापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याचा सर्व्हर सांभाळणारा तंत्रज्ञ, एखाद्या सहकारी संस्थेच्या सभासदांच्या मराठी याद्या तपासणारा कर्मचारी, अशा कुणालाही टर्मिनलशी गाठ पडू शकते. त्यामुळे या बिघाडांमागची कारणे समजून घेणे उपयुक्त ठरेल. मूळ मुद्दा एकच आहे. आपण चिकटवलेला मजकूर टर्मिनलच्या दृष्टीने मजकूर नसतो. आपण कळफलकावर एकामागून एक कळा दाबल्या, असेच तो समजतो.

‘कंट्रोल-सी’चा जुना अर्थ

सर्वांत पहिली तक्रार ‘कंट्रोल-सी’ची असते. मजकूर निवडून ही कळ दाबावी, तर नक्कल होण्याऐवजी चालू असलेला प्रोग्रॅमच थांबतो. याचे कारण इतिहासात आहे. टर्मिनलच्या जगात या कळेला ‘चाललेले काम थांबव’ असा अर्थ फार पूर्वीच मिळालेला होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संगणकांवर ती त्याच कामासाठी वापरली जात असे आणि पुढे युनिक्सच्या परंपरेतही तोच अर्थ रूढ झाला.

‘कट, कॉपी, पेस्ट’ ही कल्पना आकाराला आली ती १९७०च्या दशकात, अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाच्या मजकूर-संपादकात ती रुजवली. टेस्लर पुढे अ‍ॅपलमध्ये गेले आणि ‘लिसा’ (१९८३) व ‘मॅकिंटॉश’ (१९८४) या संगणकांमुळे ही क्रिया घरोघरी पोहोचली. २०२० साली टेस्लर यांचे निधन झाले, तेव्हा जगभरातील वृत्तपत्रांनी त्यांची ओळख याच कामगिरीने करून दिली. अ‍ॅपलने नक्कल करण्यासाठी निराळी ‘कमांड’ कळ वापरल्यामुळे मॅकच्या टर्मिनलमध्ये हा झगडा उद्भवतच नाही. विंडोज आणि लिनक्सवर मात्र नव्या सोयीसाठी ‘कंट्रोल’ हीच कळ वापरात आली आणि दोन अर्थ एकमेकांवर आदळले.

‘कंट्रोल-व्ही’चीही तीच गत आहे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तिचा अर्थ ‘पुढची कळ जशीच्या तशी लिहून घे’ असा आहे. म्हणून ती दाबली की काहीच घडल्यासारखे दिसत नाही आणि त्यानंतर एंटर दाबल्यास एक विचित्र चिन्ह उमटते. ‘कंट्रोल-एस’ चुकून दाबली गेली, तर पडदा गोठतो आणि संगणक बंद पडल्याचा भास होतो. अशा वेळी ‘कंट्रोल-क्यू’ दाबावे. पडदा पुन्हा वाहता होतो.

कुठे कोणती रीत?

लिनक्सवरील बहुतेक टर्मिनलांत नक्कल करण्यासाठी ‘कंट्रोल-शिफ्ट-सी’ आणि चिकटवण्यासाठी ‘कंट्रोल-शिफ्ट-व्ही’ दाबावे लागते. याशिवाय लिनक्समध्ये दोन स्वतंत्र साठवणी असतात. माऊसने मजकूर नुसता निवडला की तो पहिल्या साठवणीत जातो व माऊसची मधली कळ दाबताच उमटतो. ‘कॉपी’ आज्ञेने घेतलेला मजकूर दुसऱ्या साठवणीत राहतो. ‘मी एक नक्कल केले आणि उमटले भलतेच’ या तक्रारीचे मूळ बहुधा या दोन साठवणींच्या गोंधळात असते.

विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये उजवी कळ दाबून चिकटवण्याची पद्धत होती. २०१५ साली आलेल्या विंडोज १०पासून तेथे ‘कंट्रोल-व्ही’ चालू लागले. मजकूर निवडलेला असेल तर ‘कंट्रोल-सी’ नक्कल करते आणि निवडलेला नसेल तर काम थांबवते, अशी तडजोडही करण्यात आली. याच खिडकीत माऊसचा नुसता धक्का लागला तरी ‘निवड’ सुरू होते आणि चालू प्रोग्रॅम जागच्या जागी थबकतो. खिडकीच्या शीर्षकात ‘सिलेक्ट’ असा शब्द दिसत असेल, तर एस्केप दाबावे. काम पुढे सरकेल. दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या ‘पुटी’ या प्रोग्रॅममध्ये मजकूर निवडताच नक्कल होते आणि उजव्या कळेने तो चिकटतो. ही सवय नसलेला माणूस सहज म्हणून उजवी कळ दाबतो आणि सकाळी कुठेतरी नक्कल केलेला मजकूर थेट सर्व्हरवर जाऊन पडतो.

अदृश्य एंटर

येथपर्यंतच्या अडचणी त्रासाच्या होत्या. यापुढची नुकसानीची आहे. नक्कल केलेल्या ओळीच्या शेवटी ‘नवी ओळ’ हे न दिसणारे चिन्ह बहुतेक वेळा सोबत येते. टर्मिनल त्याला एंटर समजतो आणि आपण वाचण्यापूर्वीच आज्ञा अमलात आणतो. दोन ओळी एकदम चिकटवल्या असतील, तर धोका अधिक. पहिली ओळ ‘अमुक फोल्डरमध्ये जा’ अशी आणि दुसरी ‘येथील सर्व फाइली पुसून टाक’ अशी आहे, असे समजा. फोल्डरच्या नावात चूक झाल्यामुळे पहिली ओळ फसली, तरी दुसरी थांबत नाही. आपण ज्या जागी होतो, तेथील फाइली ती पुसून टाकते.

अशा कामात एखादे रिकामे अंतरसुद्धा किती महाग पडते, याचे प्रसिद्ध उदाहरण २०११ सालचे आहे. लिनक्ससाठी तयार केलेल्या ‘बम्बलबी’ या मुक्त प्रकल्पाच्या स्थापनेच्या आज्ञावलीत एका मार्गाच्या मध्ये चुकून एक जागा सुटली. परिणामी ठरावीक उपफोल्डर पुसण्याऐवजी प्रणालीचा ‘यूएसआर’ हा महत्त्वाचा फोल्डरच पुसण्याची आज्ञा तयार झाली. तेथे चूक आज्ञावली लिहिताना झाली होती. पण परक्या ठिकाणची आज्ञा चिकटवताना अशी जागा आपल्याही नजरेतून सहज सुटू शकते.

यावर तंत्रज्ञांनी काढलेला तोडगा असा, की टर्मिनलने चिकटवलेल्या मजकुराच्या आधी व नंतर एक खूण पाठवावी, म्हणजे हा मजकूर हाताने टंकलेला नाही हे आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमला कळेल आणि तो एंटरची वाट पाहील. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘बॅश’मध्ये ही सोय २०२०च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ५.१ आवृत्तीपासून आपोआप चालू असते. त्याच वर्षी १.० आवृत्तीला पोहोचलेला ‘विंडोज टर्मिनल’ एकाहून अधिक ओळी चिकटवताना आधी सावध करतो. तो इशारा कटकटीचा वाटला तरी बंद करू नये.

याच सोयीचा एक दुष्परिणामही दिसतो. एखादा प्रोग्रॅम अर्धवट बंद पडला, की चिकटवलेल्या मजकुराच्या मागेपुढे ०, १ किंवा २०० असे आकडे आणि नागमोडी चिन्ह उमटू लागते. ती वर सांगितलेली खूणच असते. ‘रीसेट’ ही आज्ञा दिल्यास किंवा नवी खिडकी उघडल्यास हा उपद्रव बहुधा थांबतो.

दिसते तसे नसते

आज्ञा अचूक दिसते, तरीही संगणक ‘अशी आज्ञा सापडली नाही’ म्हणतो. याचा दोष बहुतेक वेळा मजकूर जेथून उचलला तेथे असतो. लेखनाचे प्रोग्रॅम सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतात, दोन लहान रेघांची एक लांब रेघ करतात आणि कधी साध्या रिकाम्या जागेऐवजी ‘न तुटणारी जागा’ घालतात. माणसाच्या डोळ्याला हे फरक सुबक वाटतात, परंतु टर्मिनलला ती सर्वस्वी निराळी चिन्हे असतात. पीडीएफमधून घेतलेली लांब आज्ञा मध्येच तुटलेली असते. पुस्तकातील उदाहरणात ओळीच्या आरंभी छापलेले डॉलरचे चिन्ह आज्ञेचा भाग नसते, तरी नवशिक्यांकडून तेही उचलले जाते. यावर उपाय म्हणजे उचललेला मजकूर प्रथम नोटपॅडसारख्या साध्या संपादकात ठेवावा, अवतरणचिन्हे व रेघा हाताने पुन्हा टंकाव्यात आणि मगच तो टर्मिनलमध्ये न्यावा.

मराठीची विशेष अडचण

मराठी मजकुराच्या बाबतीत प्रश्न आणखी खोल जातो. ‘कोल्हापूर’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत मात्र काना, मात्रा, ऊकार आणि हलन्त स्वतंत्र मोजले जाऊन त्याची नऊ चिन्हे होतात, आणि साठवताना सत्तावीस बाइट लागतात. टर्मिनलची रचना मुळात एका चौकटीत एक रोमन अक्षर या हिशेबाने झालेली आहे. त्यामुळे अनेक टर्मिनलांत जोडाक्षरे फुटतात, कर्सर भलत्याच जागी उभा राहतो आणि एक अक्षर पुसायला जावे तर केवळ त्याची मात्रा पुसली जाते. पडद्यावर शब्द विस्कटलेला दिसला, तरी आत साठवलेला मजकूर बहुधा शाबूत असतो. तो फाइलमध्ये घेऊन संपादकात उघडून पाहिल्याखेरीज बिघडला असे समजू नये.

याहून फसवा आहे तो खास मराठीतला ‘ऱ्या’. ‘शेतकऱ्यांची’, ‘पायऱ्या’, ‘कऱ्हाड’ या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडणे आणि दुसरा म्हणजे साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवणे. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. कोणता उमटेल हे आपण कोणत्या कळफलकाने टंकलिखित करतो यावर अवलंबून असते. आता सभासदांच्या यादीत ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द एका प्रकाराने लिहिलेला असेल आणि टर्मिनलमध्ये शोधासाठी चिकटवलेला शब्द दुसऱ्या प्रकारचा असेल, तर संगणक ‘असा शब्दच नाही’ असे निर्विकारपणे सांगतो. नाव यादीत असूनही सापडत नाही, आणि ज्याचे ते नाव त्याचे काम अडते. म्हणून मोठ्या याद्यांत शोध घेण्यापूर्वी संपूर्ण फाइल कोणत्या तरी एका लेखनप्रकारात आणून घ्यावी.

युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटांत केलेल्या मजकुराची कथा वेगळी आहे. तेथे आत रोमन अक्षरांचे किंवा इतर चिन्हांचे संकेत असतात आणि मराठी रूप केवळ फाँटमुळे दिसते. असा मजकूर टर्मिनलमध्ये चिकटवला की अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. यात टर्मिनलचा दोष नसतो. तो मजकूर आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा लागतो.

नव्या काळची फसवणूक

चिकटवण्याच्या या सवयीवर आता चोरांचीही नजर आहे. संकेतस्थळावर एक आज्ञा दाखवायची आणि नक्कल करताच साठवणीत दुसरीच ठेवायची, ही युक्ती जुनी आहे. २०२४पासून ‘क्लिकफिक्स’ नावाने ओळखला जाणारा प्रकार त्याहून धीट आहे. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ किंवा ‘बिघाड दुरुस्त करा’ असे सांगणारी खोटी चौकट दिसते. विंडोज कळेसह आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर, अशा सूचना त्यात असतात. त्या पाळणारा वाचक स्वतःच्याच हाताने संगणकात घातक प्रोग्रॅम बोलावून घेतो. कोणतेही प्रामाणिक संकेतस्थळ माणूसपणाचा असा पुरावा मागत नाही. फसवणुकीत पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर-गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे.

या सर्व अडचणींवर उपाय साधे आहेत. चिकटवण्यापूर्वी आपण कोणत्या खिडकीत व कोणत्या सर्व्हरवर आहोत ते पाहावे. परकी आज्ञा आधी साध्या संपादकात ठेवून वाचावी. एका वेळी एकच ओळ चिकटवावी. पुसण्याची आज्ञा असेल, तर त्याच जागी आधी फाइलींची यादी मागवून खात्री करावी. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही, ती चालवू नये. नक्कल करण्याचे कष्ट यंत्राने वाचवले आहेत, परंतु एंटर दाबण्याची जबाबदारी अजून माणसाकडेच आहे.