देवाची शपथ नको, समतेची साक्ष हवी!

काही वर्षांपूर्वी कोर्टात आमच्या वस्तीतील एक वृद्ध आई साक्षीला उभी राहिली. केस अ‍ॅट्रॉसिटीची. शपथ देणाऱ्याने सवयीने 'ईश्वरसाक्ष' म्हणायला सांगितले. आई म्हणाली, "देव न्हाई मानत आमी. पन खरं सांगीन." कोर्टात हशा पिकला. आम्ही उठून १९६९ च्या शपथ कायद्याकडे लक्ष वेधले. त्यात प्रतिज्ञेची सोय आहे. आई प्रतिज्ञेवर बोलली आणि उलटतपासणीत तसूभरही हलली नाही. देवाची शपथ घेणारे बचावाचे साक्षीदार मात्र धडधडीत खोटे बोलून गेले!

पुढे गावची मंडळी समेटाला आली. "देवळात शपथ घेतो, केस मागे घ्या. तुमचा बुद्ध तर अहिंसा सांगतो!" आमचे काही तरुण या शब्दांनी गोंधळले, तर काहींनी रागाने मुठी आवळल्या. दोघांनाही आम्हाला महाड सांगावे लागले.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठवून सनातन्यांनी मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या चालवल्या. आपल्यात लष्करातून निवृत्त झालेले गडी होते. एका इशाऱ्यावर महाड पेटले असते. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही. आणि मंत्र म्हणून, शेण-गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' करणारे कोण? देवाचे भक्त! मग अहिंसक कोण होते?

पण बाबासाहेब शांत राहिले म्हणजे त्यांनी हक्क सोडला काय? मुळीच नाही! डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम आला, तेव्हा सत्याग्रह तहकूब केला आणि खटला लढवला. तळे आमच्या मालकीचे, अस्पृश्यांना बंदी ही अनादि काळची वहिवाट, असा स्पृश्यांचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही. दहा वर्षे लागली, पण धर्माच्या नावाने सांगितलेले असत्य पुराव्यापुढे टिकले नाही.

म. गांधींनी सत्यालाच ईश्वर म्हटले. अस्पृश्यता हे पाप आहे, असेही ते कळकळीने सांगत. परंतु १९३४ मध्ये बिहारचा भूकंप झाला, तेव्हा ती अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा असल्याचे त्यांनी म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. आम्ही विचारतो, त्या भूकंपात अस्पृश्यांच्या झोपड्या पडल्या नाहीत काय? त्यांना कोणत्या पापाची शिक्षा? न्याय देवावर सोपवला, की आरोपी आणि फिर्यादी एकाच ढिगाऱ्याखाली जातात!

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसा हा आंधळा नियम नव्हे, तत्त्व आहे, असे समजावले आहे. तिच्या मुळाशी मैत्री आहे आणि मैत्री बरोबरीच्या माणसांत होते. एकाने मारायचे, दुसऱ्याने क्षमा करायची, ही अहिंसा नव्हे. ही जुनी गुलामगिरीच होय.

म्हणून समेटवाल्यांना आम्ही एवढेच म्हणालो, "शपथ देवळात नको. घटनेच्या कलम १५ ने खुल्या केलेल्या पाणवठ्यावर आमच्या आया-बहिणींना अडवणार नाही, हे आधी कृतीने दाखवा. केस मात्र चालेल." मुठी आवळणाऱ्या तरुणांनाही सांगितले, "हात उचलू नका. तारखेला हजर राहा, साक्षीदार फुटू देऊ नका."

बांधवांनो, २० मार्चला महाडला जरूर जा. मात्र येताना केवळ फोटो आणू नका. आपल्या तालुक्यातील एखाद्या खटल्यात भेदरलेल्या साक्षीदारामागे उभे राहण्याचा निर्धार घेऊन या. चवदार तळ्याला तेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!